परमुलखातील छत्री

‘छत्री’ हा शब्द ऐकताच ज्याच्या डोळ्यांपुढे पावसाळ्याऐवजी दगडी घुमट उभा राहतो, तो मराठी माणूस बहुधा महाराष्ट्राबाहेर राहिलेला असतो. इंदुरास खान नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या आहेत. ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या आहेत. नोकरीच्या निमित्ताने ज्यांची बदली या शहरांत झाली, त्यांना त्या नित्याच्या परिचयाच्या. पुण्याच्या वेशीवर वानवडीस महादजी शिंद्यांची छत्री आहे आणि तिकडे नर्मदेच्या काठी रावेरखेडीस थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या तळावर वारले, बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीच्या छावणीत. उत्तर हिंदुस्थान ज्याने हलवला, त्याची छत्री दक्षिणेत. आणि पुण्याच्या पेशव्याची समाधी नर्मदातीरी. असे का, याचे उत्तर सोपे आहे. जिथे देह अग्नीला दिला जातो, तिथेच छत्री उभी राहते. माणूस कुठला होता हे ती सांगत नाही. तो कुठे संपला एवढेच सांगते.

कबर आणि छत्री यांत हाच मोठा भेद आहे. कबरीच्या आत कुणीतरी असते. छत्रीच्या आत कोणी नसते. अस्थी गंगेत, नर्मदेत नाही तर समुद्रात गेलेल्या असतात. मागे उरते ती एक जागा; तिच्यावर चार किंवा आठ खांब, खांबांवर घुमट, आणि चारी बाजूंनी वाहणारा वारा. घुमट हे छत्राचे रूप, आणि छत्र हे राजचिन्ह. म्हणूनच छत्र्या राजांच्या असतात, सरदारांच्या असतात, क्वचित एखाद्या साधुपुरुषाची असते. शिपायाची छत्री आपल्या इतिहासात सहसा आढळत नाही. पानिपतावर पडलेल्या हजारोंची छत्री कोणी बांधली?

आणि तरीही साध्या शिपायांची एक छत्री जगात आहे. ती आहे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटन या समुद्रकाठच्या विहारनगरीच्या मागील टेकडीवर. तिचा आराखडा मुंबईच्या एका तरुण वास्तुकाराने केला. ती कोणत्या कारणाने उभी राहिली, तिचे रूप कसे ठरले, आणि तिने नेमके काय सांगितले व काय सांगावयाचे ठेवले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिले महायुद्ध ऑगस्ट १९१४ मध्ये सुरू झाले आणि सप्टेंबरअखेर लाहोर व मेरठ या दोन डिव्हिजनांच्या तुकड्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या. उन्हाळी कपड्यांतले हे सैन्य ऑक्टोबरात फ्लँडर्सच्या चिखलात उभे राहिले. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह-शापेल या गावावर जो हल्ला झाला, त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या व २१ व्या कंपन्या होत्या. रस्ते, पूल आणि खंदक यांचे काम जाणणाऱ्या या लोकांना त्या दिवशी पायदळासारखे झुंजावे लागले, आणि त्यांची जबर हानी झाली. जखमींचा ओघ वाढत चालला. फ्रान्समधील इस्पितळे पुरेनाशी झाली, तेव्हा त्यांना खाडी ओलांडून इंग्लंडात आणण्याचे ठरले, आणि त्यासाठी जी ठिकाणे निवडली गेली त्यांत ब्रायटन प्रमुख होते.

ब्रायटनमध्ये तीन इमारती इस्पितळांसाठी घेण्यात आल्या. एक शाळेची इमारत. दुसरी गरिबांसाठी असलेल्या जुन्या अनाथागाराची, जिला पुढे किचनेर इस्पितळ म्हणू लागले. आणि तिसरी, जिची सर्वत्र चर्चा झाली, ती रॉयल पॅव्हिलियन. हा राजवाडा चौथ्या जॉर्जने तो अजून युवराज असताना बांधविण्यास घेतला. जॉन नॅश या वास्तुकाराने १८१५ ते १८२२ या काळात त्याला आजचे रूप दिले. बाहेरून कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार आणि जाळ्या. आतून चिनी नक्षी, ड्रॅगन आणि झुंबरे. नॅशने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. चित्रकारांनी काढलेल्या चित्रांवरून त्याने आपला हिंदुस्थान रचला. डिसेंबर १९१४ मध्ये खराखुरा हिंदुस्थान, गढवाली, गुरखा, शीख, पठाण, डोगरा, त्या चित्रातल्या हिंदुस्थानात येऊन खाटेवर पडला. राजवाड्याच्या प्रचंड स्वयंपाकघरात शस्त्रक्रिया होऊ लागल्या.

व्यवस्था चोख होती, हे मान्यच केले पाहिजे. जातिधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे होती. पाण्याचे नळ हिंदूंना वेगळे, मुसलमानांना वेगळे. झटक्याचे मांस आणि हलाल मांस यांची सोय निराळी. आवारात शिखांसाठी तंबूत गुरुद्वारा होता, मुसलमानांना नमाजासाठी पूर्वेकडील हिरवळ होती. पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत होत्या. पॅव्हिलियन व त्यालगतच्या डोम या इमारतीत मिळून ४,३०० हून अधिक सैनिकांवर उपचार झाले.

या दयाबुद्धीत हिशेबही होता. बादशहाने आपला राजवाडा आपल्या शिपायांना दिला, ही गोष्ट हिंदुस्थानात गावोगाव पोचावी अशी सरकारची इच्छा होती. छायाचित्रे काढली गेली, आणि इंग्रजी, गुरुमुखी व उर्दू मजकूर असलेली एक सचित्र पुस्तिका १९१५ साली छापली गेली. वस्तुतः पॅव्हिलियन राजाचा राहिला नव्हता. व्हिक्टोरिया राणीला तो आवडत नसे, आणि नगरपालिकेने तो १८५० सालीच विकत घेतला होता. राजवाडा दिला तो गावाने, श्रेय गेले ते गादीला.

किचनेर इस्पितळाची कथा वेगळी होती. त्याचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी आवाराभोवती काटेरी तार आणि पहारा ठेवला होता. रुग्णांनीच नव्हे, तर तेथील भारतीय कर्मचाऱ्यांनीही गावात मोकळेपणाने जाता कामा नये, गोऱ्या स्त्रियांशी त्यांची ओळख होता कामा नये, हा त्यामागचा धाक. येथील एका वैद्यकीय कर्मचाऱ्याने पुण्यातल्या मित्राला लिहिलेले पत्र सेन्सॉरच्या दप्तरात राहिले आहे. आम्हांला कैद्यांसारखे वागविले जाते, असे त्याने त्यात स्पष्ट लिहिले होते. या असंतोषाच्या दिवसांत, नोव्हेंबर १९१५ मध्ये, गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जनने सेटनवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. राजवाड्याची छायाचित्रे हिंदुस्थानात पोचली. ही हकीकत सरकारी कागदांत बंद राहिली. सुशिक्षित, पगारदार, वरिष्ठांच्या हाताखाली परमुलखात राबणारा एक मराठी माणूस त्या टोकाला कसा गेला असेल, हे आपल्या वाचकांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक सल होती. बरे झालेल्या जखमींना पुन्हा आघाडीवर पाठवीत. २५ ऑगस्ट १९१५ रोजी पॅव्हिलियनच्या हिरवळीवर पंचम जॉर्ज बादशहाने जमादार मीर दस्त याच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस लावला. त्या वेळी मीर दस्तने स्वतःसाठी काही न मागता, जखमी झालेल्या माणसाला परत लढाईवर धाडू नये, एवढीच विनंती केल्याचे त्या काळच्या पत्रांतून दिसते.

ब्रायटनच्या इस्पितळांत जे वाचले नाहीत, त्यांत २१ मुसलमान होते. त्यांना वोकिंग येथे नेऊन तेथील मशिदीच्या इमामाच्या देखरेखीखाली दफन करण्यात आले. उरलेले ५३ हिंदू आणि शीख. त्यांच्यासाठी ब्रायटनच्या उत्तरेस, पॅचम या खेड्याच्या वरच्या बाजूला, उघड्या टेकडीवर जागा निवडण्यात आली. तेथे तीन सिमेंटचे ओटे बांधले गेले. शव मोटारीने टेकडीपर्यंत जाई आणि तेथून सहधर्मी सोबती शेवटचे संस्कार करीत. रक्षा खाली इंग्लिश खाडीत सोडली जाई. गंगा नाही, गोदा नाही. पण समुद्र सर्वत्र एकच, आणि सर्व नद्या शेवटी त्यालाच मिळतात, या श्रद्धेने ज्या कोणी ती रक्षा हातात घेतली असेल, त्याने मनाचे समाधान केले असेल.

या जागेवर काही खूण असावी, ही सूचना इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट दासगुप्ता यांची. त्यांनी ती १९१५ साली ब्रायटनचे महापौर जॉन ऑटर यांच्यापुढे मांडली. ऑटर यांनी ती मनावर घेतली, आणि इंडिया ऑफिस व ब्रायटन नगरपालिका यांनी खर्च वाटून घ्यावा असे ठरले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्मारकाची मूळ कल्पना ना मंत्र्याची होती ना सेनापतीची. मृत्यूशय्येजवळ उभे राहणाऱ्या एका भारतीय डॉक्टराची ती होती.

आराखड्यासाठी सल्ला घेण्यात आला तो सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांचा. जेकब हे जयपूर संस्थानात अनेक वर्षे अभियंता होते. जयपूरचे अल्बर्ट हॉल संग्रहालय त्यांचेच, आणि तेथील जुन्या इमारतींच्या तपशिलांची मोजणी करून त्यांनी १८९० पासून जे भव्य चित्रसंग्रह प्रसिद्ध केले, ते आजही वास्तुकारांना उपयोगी पडतात. राजस्थानच्या छत्र्या त्यांच्या डोळ्यांखालून गेलेल्या होत्या. प्रत्यक्ष आराखडा करण्यासाठी त्यांनी सुचविले ते मुंबईचे तरुण वास्तुकार ई. सी. हेन्रिक्स यांना. हिंदू आणि शीख शिपायांचे स्मारक, नमुना राजस्थानी, आराखडा करणारा मुंबईचा ख्रिस्ती, पैसा अर्धा इंडिया ऑफिसचा आणि अर्धा एका इंग्रजी गावाचा, अशी ही गुंफण होती. जेकब १९१७ साली वारले. युद्धामुळे बांधकाम लांबले. छत्री पुरी झाली तेव्हा युद्ध संपून दोन वर्षे लोटली होती.

आता तिच्या रूपाकडे वळू. एकोणतीस फूट उंच, आठ खांब, त्यांवर एकच घुमट. सर्व काम सिसिलीहून आणलेल्या पांढऱ्या संगमरवराचे. खांबांच्या मधे भिंत नाही, जाळी नाही, मूर्ती नाही, शस्त्राचे किंवा विजयाचे चिन्ह नाही. समोर जमिनीवर तीन मोठ्या ग्रॅनिटच्या शिळा आहेत. ज्या ओट्यांवर चिता रचल्या जात, ते या शिळांनी झाकले आहेत. या रचनेतली खुबी येथेच आहे. घुमट चितेच्या जागेवर नाही, तिच्या मागे आहे. ज्या भूमीने अग्नी पाहिला ती आकाशाखाली उघडी ठेवली आहे, आणि छत्र तिच्यावर न धरता तिच्या उशाशी उभे केले आहे. छत्रीची जुनी परंपरा यात थोडी बदलली, आणि तो बदल शोभला. कारण चिता एकाची नव्हती. एका घुमटाखाली ५३ जण कसे मावावेत? त्यांना टेकडीच दिली, आणि तिच्यावर एक खूण ठेवली.

जागेचा अर्थ आराखड्याइतकाच महत्त्वाचा आहे. ब्रायटनच्या लोकांचे स्वतःचे युद्धस्मारक गावाच्या मध्यभागी, ओल्ड स्टाइन या बागेत आहे. सर जॉन सिम्प्सन यांनी त्याची रचना केली आणि ॲडमिरल बीटी यांनी ७ ऑक्टोबर १९२२ रोजी त्याचे अनावरण केले. ते रोमन धर्तीचे आहे. पाण्याचे कुंड, तिन्ही बाजूंनी खांबांची ओळ, आणि तिथे २,५९७ पुरुषांची व ३ स्त्रियांची नावे. बाजाराला निघालेली आई तेथे थांबून मुलाच्या नावावरून बोट फिरवू शके. छत्रीकडे मात्र मोटार जात नाही. मेंढ्या चरणाऱ्या कुरणांतून, उतार चढून, पायीच जावे लागते. झाडी विरळ, वारा भणाणता, आणि दूरवर खाली गाव व समुद्राची रेघ. मृतांच्या आया तेथून हजारो मैलांवर, गढवालात नाही तर पंजाबात होत्या. त्यांच्यापैकी कोणी ती टेकडी चढेल, असे बांधणाऱ्यांनाही वाटले नसावे.

आणि आलीच असती, तरी मुलाचे नाव तिला तेथे सापडले नसते. छत्रीवर लेख आहे. तो इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतही आहे. महायुद्धात बादशहासाठी प्राण देणाऱ्या सर्व भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ, ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या हिंदू व शीख सैनिकांच्या दहनाच्या जागी, कृतज्ञ आदराने आणि बंधुप्रेमाने हे स्मारक अर्पिले आहे, असा त्याचा आशय. बादशहाचा उल्लेख त्यात आहे. त्रेपन्नांपैकी एकाचेही नाव नाही. छत्री हे तर राजाला द्यावयाचे रूप. महादजींची छत्री म्हटली की नाव आधी येते आणि दगड मागाहून. येथे शिपायाला राजाचे छत्र मिळाले, पण नाव मिळाले नाही. साम्राज्याने दिलेल्या मानाचे याहून नेमके चित्र कोणते असेल? मान देणारा लेखात दिसतो. मान घेणारा दिसत नाही.

१ फेब्रुवारी १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढे आठवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राने, छत्रीचे अनावरण केले. त्या तारखेच्या आसपास काय घडत होते ते आठवावे. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांनी सैन्यभरतीच्या जोडीने स्वराज्याचा प्रश्न काढला, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलूच दिले नाही. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबार झाला, तो त्याच पंजाबात, जिथून फ्रान्सला सर्वाधिक शिपाई गेले. १९२० साली असहकाराची चळवळ सुरू झाली. आणि हाच युवराज १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईस उतरला, तेव्हा शहराने बहिष्कार पुकारला आणि रस्त्यांवर दंगली उसळल्या. ज्या वर्षी टेकडीवर बंधुप्रेमाची भाषा कोरली गेली, त्याच वर्षी त्या भाषेवरचा विश्वास मुंबईत उडालेला होता. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पतियाळाच्या महाराजांनी पॅव्हिलियनच्या दक्षिण बाजूस एका घुमटाकार दरवाजाचे उद्घाटन केले. ती ब्रायटनच्या नागरिकांना हिंदुस्थानने दिलेली भेट होती. रुग्णसेवेबद्दल आभार मानावयाचे ते हिंदुस्थाननेच, असा त्याचा उघड अर्थ. आणि लढाई कोणासाठी होती, हा प्रश्न त्या दरवाजाबाहेरच राहिला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. दुसऱ्या महायुद्धात त्या टेकड्या लष्करी सरावासाठी घेतल्या गेल्या आणि नेमबाजीच्या गोळ्यांनी छत्रीचा संगमरवर जागोजागी फुटला. भारतीय सैन्य आफ्रिकेत आणि इटलीत लढत असता, आधीच्या युद्धातील भारतीय सैनिकांचे स्मारक इंग्लंडात निशाणी म्हणून वापरले जात होते. युद्धानंतर दुरुस्ती झाली. १९५१ पासून ब्रिटिश सैनिकांच्या संघटनेने दरवर्षी तेथे स्मरणयात्रा भरविली. ती १९९९ पर्यंत चालली. पुढच्या वर्षापासून इंग्लंडात स्थायिक झालेल्या भारतीयांनी, स्थानिक लोकांना बरोबर घेऊन, ते काम आपल्याकडे घेतले. जून महिन्यात एका रविवारी माणसे पायी वर चढतात, फुले वाहतात, प्रार्थना म्हणतात. त्या काळी ज्या आया आल्या नाहीत, त्यांच्या वतीने कोणी तरी येऊ लागले.

मग २६ सप्टेंबर २०१० रोजी छत्रीजवळ एक नवा दगड उभा राहिला. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने त्यावर ५३ नावे कोरली. दगडाची उंची छत्रीच्या मानाने काहीच नाही. तथापि माझ्या मते स्मारक पुरे झाले ते त्या दिवशी. १९२१ साली झाले ते बांधकाम.

नावाचा हा प्रश्न केवळ ब्रायटनचा नाही, आणि मराठी माणसाला तर तो अधिक जवळचा आहे. फ्रान्समध्ये लढलेल्या भारतीय पायदळ डिव्हिजना १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे हलविल्या गेल्या, आणि ब्रायटनची इस्पितळे बंद झाली. मेसोपोटेमियात मात्र मराठा पलटणी आधीपासून लढत होत्या. कुतच्या वेढ्यात, तायग्रिसच्या काठी, कोकणातली आणि देशावरची कितीतरी मुले पडली. त्यांचे स्मारक बसऱ्यास आहे. एडवर्ड वॉरन यांनी त्याची रचना केली आणि १९२९ साली त्याचे अनावरण झाले. ४०,००० हून अधिक मृतांचे ते स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे आहेत. भारतीय अधिकाऱ्यांची आहेत. भारतीय शिपायांची नाहीत. पलटणीचे नाव, आणि पुढे आकडा. या असमान वागणुकीची कबुली युद्धकबर आयोगाच्या अहवालाने दिली ती एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे युवराजाने छत्रीचे अनावरण केल्यावर शंभर वर्षांनी. मधल्या काळात, १९९७ साली, ते स्मारक मूळ जागेवरून उचलून वाळवंटात दूर नेऊन ठेवण्यात आले होते. सातारा, रत्नागिरी आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील खेड्यांत, गावातून महायुद्धाला किती माणसे गेली व किती परतली नाहीत हे सांगणाऱ्या पाट्या भिंतींवर आहेत. त्यांवरही बहुधा आकडेच असतात.

स्मारकाच्या आराखड्यात दोन गोष्टी पाहाव्यात, असे या छत्रीवरून वाटते. एक, ते मृताच्या स्वतःच्या रीतीचे आहे का. आणि दुसरी, ते मृताला नावाने ओळखते का. ब्रायटनच्या छत्रीने पहिली कसोटी उत्तम रीतीने पार केली. इंग्लंडच्या भूमीवर क्रूस न उभारता, तोफ न मांडता, शिपायाच्या अंत्यसंस्काराचा जो अर्थ त्याच्या घरी होता तोच तेथे जपला गेला. हे दासगुप्ता, ऑटर, जेकब आणि हेन्रिक्स यांचे श्रेय निःसंशय आहे. दुसऱ्या कसोटीला ती नव्वद वर्षे उतरली नाही. पण येथेच रिकाम्या घुमटाचा एक गुण कामास आला. कबर एकदा मिटली की मिटली; छत्री चारी बाजूंनी उघडी असते. १९२१ साली त्या खांबांमधून साम्राज्याची कृतज्ञता पाहावी अशी अपेक्षा होती. आज त्याच खांबांमधून पाहणाऱ्याला गढवालातला शेतकरी दिसतो, पंजाबातला जाट दिसतो, आणि तारेच्या कुंपणाआड धुमसणारा गोडबोलेही दिसतो. दगड तोच आहे, पाहणारे बदलले.

परमुलखात मरण आले तर आपल्यावर छत्र कोण धरील, ही चिंता घर सोडून चाकरीला गेलेल्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येऊन जाते. बाजीरावांचे उत्तर रावेरखेडीस आहे. त्या ५३ शिपायांचे पॅचमच्या टेकडीवर आहे. बसऱ्याच्या दगडावर आकडा होऊन राहिलेल्यांचे उत्तर अजून यावयाचे आहे, आणि ते इंग्लंडातून येईल याची वाट न पाहता आपण आपल्या गावच्या भिंतीवरील पाटीखाली नावे लिहू लागलो, तरी ते आरंभाला पुरेसे होईल.